शिपायाचें दुखणें आणि कागदावरील नोंद

रणांगणावर जखमी झालेल्या शिपायाचा आपण गौरव करतों. परंतु पुष्कळ शिपाई गोळीनें नव्हे, तर दुखण्यानें खचून घरीं परततात. कोणाची पाठ कायमची अधू झालेली असते, कोणाला फेपऱ्याचे झटके येतात, कोणाला ऐकूं येत नाहीं. अशा मनुष्याला अपंगत्वाचें निवृत्तिवेतन मिळावयाचें कीं नाहीं, हें मुख्यतः वैद्यकीय मंडळाच्या अहवालांतील दोन नोंदींवर ठरतें. अपंगत्व शेंकडा किती, ही पहिली. तें सेवेमुळें जडलें अथवा वाढलें काय, ही दुसरी. सामान्यतः शेंकडा वीस हा उंबरठा मानतात. दुसऱ्या प्रश्नापुढें नुसतें 'नाहीं' पडलें, कीं वेतन अडतें.

आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील खेड्यांत असें नकाराचें पत्र आलें, कीं 'गुरुजी, काय लिहिलें आहे तें पाहा' म्हणून मंडळी माझ्याकडे येतात. पत्र इंग्रजींत असतें. 'सरकारनें नाहीं म्हटलें' एवढाच त्याचा अर्थ घरांत लागलेला असतो, आणि मग तें पेटींत जाऊन पडतें. त्याच पत्राच्या शेवटीं बहुधा सहा महिन्यांच्या आंत अपील करण्याची मुभा लिहिलेली असते. ती मात्र कोणी वाचलेली नसते.

सर्वोच्च न्यायालयानें २ जुलै २०१३ रोजीं धरमवीर सिंग यांच्या खटल्यांत दिलेला निकाल या बाबतींत फार महत्त्वाचा आहे. हे गृहस्थ १९८५ सालीं सिग्नल दळांत भरती झाले. १९९४ सालीं फेपऱ्यामुळें, शेंकडा वीस अपंगत्व ठरवून, त्यांना सेवामुक्त करण्यांत आलें. दुखण्याचा सेवेशीं संबंध नाहीं, असें मंडळाचें मत पडलें; त्या मताला कारण मात्र दिलेलें नव्हतें. न्यायालयाचा विचार सरळ होता. भरतीच्या वेळीं तपासून मनुष्य धडधाकट ठरविला आणि कोणत्याहि रोगाची नोंद केली नाहीं, तर पुढें जडलेला रोग सेवेंतीलच असें गृहीत धरावें. तसें नाहीं, हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर, शिपायावर नव्हे.

म्हणून पहिलें काम हें, कीं भरतीच्या वेळच्या तपासणीची व अखेरच्या मंडळाच्या अहवालाची नक्कल आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावी. माहितीच्या अधिकाराखालींहि ती मागतां येते. नंतर अपील करावें. आणि तेथें दाद न लागल्यास २००९ सालीं सुरू झालेलें सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचें एक खंडपीठ मुंबईस आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. तेव्हां आपली सेवामुक्ति कोणत्या दिवसाची, हेंहि आधीं पाहावें.

विलंबाची किंमत मोठी असते. तरसेम सिंग १९८३ सालीं सेवामुक्त झाले व १९९९ सालीं उच्च न्यायालयांत गेले. त्यांचा हक्क शाबूत राहिला. परंतु २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें थकबाकी दाव्यापूर्वींच्या तीन वर्षांपुरतीच ठेविली. सुमारें तेरा वर्षांची रक्कम गेली ती गेलीच.

दुसरी अडचण नांवांची. लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नांव, पतीच्या फौजी नोंदींत दुसरें, आधारपत्रावर तिसरेंच! पति हयात असतांना हें कोणाला खुपत नाहीं. तो गेल्यावर मात्र कुटुंब-निवृत्तिवेतनासाठीं विधवेला 'तूं तीच कशावरून?' या प्रश्नाला तोंड द्यावें लागतें. यास्तव दोघें हयात असतांनाच प्रतिज्ञापत्र, दाखला व विवाहाचा पुरावा जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. ती दुरुस्ती निवृत्तिवेतनाच्या आदेशांत उतरली कीं नाहीं, हेंहि पाहून घ्यावें.

श्रोतेहो, आपल्या इमारतीच्या अथवा बँकेच्या दारावर रखवालीस असलेला मनुष्य कित्येकदां पूर्वाश्रमींचा शिपाई असतो. त्याच्या पेटींतहि असें एखादें पत्र पडलेलें असेल. वकिली करावयास आपणांस कोणी सांगत नाहीं. तें पत्र त्याच्याजवळ बसून वाचावें, त्याचा अर्थ मराठींत सांगावा, आणि अपिलाची तारीख त्याच्या भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहून द्यावी. सुशिक्षित घराला हें एका संध्याकाळचें काम आहे.