दूध तोडू नका, सोडवा



मुलाचे अंगावरचे पिणे बंद करण्याला आपल्याकडे 'दूध तोडणे' म्हणतात. शब्द कठोर आहे, आणि पुष्कळ घरांत रीतही तशीच कठोर असते. एके दिवशी सकाळी आई छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावते, कुणी काळा बोळ लावते, कुणी मिरचीही. नाहीतर मुलाला आठ दिवस आजोळी धाडतात. मूल रडून रडून थकते, आणि घरातली मोठी माणसे म्हणतात, "झालं, विसरलं!" भूक, भीती, झोप या सगळ्यांवर जिथे उपाय मिळत होता, ती जागा एका रात्रीत कडू का झाली, हे त्या जिवाला कसे कळावे? शिवाय आजोळी गेलेल्या मुलाची आई आणि दूध, दोन्ही एकाच दिवशी जातात. इकडे आईची छाती दाटते, दूध साकळून गाठी येतात, कधी ताप भरतो.

आता प्रथम, दूध सोडवायचे केव्हा? पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. मग उष्टावण करून खिमट, मऊ भात, वरण, नाचणीचे सत्त्व असे वरचे अन्न सुरू करायचे, आणि त्याच्या जोडीने दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ अंगावर पाजायचे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. "वर्षानंतर दुधाचं नुसतं पाणी होतं," हे खरे नाही. दुसऱ्या वर्षातही मुलाला लागणाऱ्या शक्तीचा एक-तृतीयांशापर्यंत वाटा या दुधातून मिळू शकतो. या दुधाचे मोल एवढे, की मुंबईत शीव येथील पालिकेच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तेव्हा कुणी हसते म्हणून घाई करू नका. वेळ आई आणि मूल यांनी ठरवायची, शेजारणीने नव्हे.

पण कधीतरी सोडवायचे तर असतेच. त्याच शिवाच्या रेल्वेमार्गावर पुढे मुलुंड लागते. तिथली एक आई डोळ्यांसमोर आणा. मूल दोन वर्षांचे. सकाळची लोकल गाठून ती कामाला जाते, मूल आजीजवळ राहते. पहाटे एकदा, संध्याकाळी आई परतल्यावर एकदा आणि रात्री झोपताना एकदा ते पिते. रविवारी मात्र दिवसभर पदर सोडत नाही. या आईने सुरुवात कुठून करावी? रविवारच्या दुपारपासून. मूल मागायच्या आधीच पोटभर जेवू घालावे, बाहेर फिरवून आणावे. आपणहून पदर पुढे करू नये. पण रडून मागितलेच, तर हिसडूनही टाकू नये. आठवडाभराने पहाटेची वेळ घ्यावी. वडिलांनी मुलाला उचलून खिडकीशी न्यावे, वाटीने दूध किंवा पेज द्यावी.

संध्याकाळची वेळ जरा अवघड. दारात आई दिसली, की मूल धावते. त्या वेळी त्याला दुधाइतकीच आई हवी असते. म्हणून घरात शिरल्याबरोबर स्वयंपाकाला लागू नका. हातपाय धुऊन दहा मिनिटे मुलाला मांडीवर घ्या, केळे भरवा, दिवसभराचे विचारा. दूध गेले तरी मांडी गेलेली नाही, हे त्याला कळू द्या. रात्रीचे पिणे सर्वांत शेवटी सोडवावे; त्या जागी थोपटणे आणि गोष्ट यावी. याला दोन महिने लागले, तरी काही बिघडत नाही.

खेड्यात लोकलच्या जागी शेताची वाट येते, एवढाच फरक. पेरणीची धांदल, मुलाचा ताप किंवा जुलाब, घरात नवे बाळ, अशा वेळी मात्र हे काम सुरू करू नये. दूध बाटलीने देऊ नका. बाटली नीट स्वच्छ होत नाही आणि हगवणीला निमित्त मिळते. वाटी-चमचा किंवा पेला बरा. वरचे दूधही दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक नको, नाहीतर मूल जेवत नाही.

मातांनो, छाती दाटली तर हाताने थोडेसे दूध काढा, दाटपणा हलका होईल एवढेच. थंड पाण्याची घडी ठेवा. घट्ट बांधू नका. लाली आली, ताप भरला, तर डॉक्टरांकडे जा. या दिवसांत मन उदास झाले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. दूध कमी होताना शरीरात जे बदल होतात, त्यांचाही तो परिणाम असू शकतो. उदासपणा हटेना, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

अंगणवाडीताईंना आणि गुरुजनांना एक विनंती. "एवढा मोठा झाला, अजून पितो?" असे चारचौघांत मुलाला किंवा आईला म्हणू नका. त्या एका हसण्यापायी किती घरांत दुसऱ्या दिवशी कडुनिंब वाटला जातो! त्याऐवजी आईला बाजूला बसवून विचारा, "दिवसातून किती वेळा पितो? त्यातली कोणती वेळ आधी सोडवू या?"