खारातील भात आणि आठवीचा वर्ग



सहावी ते आठवीच्या मुलांना सजीवांतील आनुवंशिक विविधता आणि अनुकूलन हा विषय शिकवताना एक समजूत दरवर्षी, आणि अगदी तरतरीत मुलांच्या तोंडूनही, निःशंकपणे प्रकट होते. ती अशी की, प्राण्याला अथवा वनस्पतीला एखाद्या गोष्टीची गरज भासली म्हणजे तिचे शरीर त्या गरजेबरहुकूम बदलते आणि तो बदल पुढे तिच्या संततीत उतरतो. मुलांना यासाठी दोष देण्याचे कारण नाही. आपणच त्यांना निवडुंगाचे चित्र दाखवतो आणि पाणी मिळेना म्हणून त्याने पानांचे काटे केले, असे सांगून मोकळे होतो. त्या सांगण्यात ज्या गोष्टीवाचून काहीच घडले नसते ती गोष्ट, म्हणजे एकाच जातीच्या व्यक्तीव्यक्तींमध्ये मुळातच असलेला भेद, कोठेही येत नाही. भेद आधी असतो आणि परिस्थितीची कसोटी मागाहून येते, एवढा क्रम ज्या मुलाला उमगला त्याला या विषयाचे मर्म सापडले, असे मी मानतो. आणि ज्याला तो उमगला नाही त्याला व्याख्या कितीही पाठ येवोत, त्याचे शिकणे व्हायचेच आहे.

पुस्तकांतून या प्रकरणी गालापागोस बेटांवरील फिंच पक्षी आणि इंग्लंडातील काळे पतंग यांची हकीकत सांगण्याचा प्रघात आहे. ती उदाहरणे निर्विवाद उत्तम आहेत. परंतु ज्या मुलाच्या घरी जून महिन्यात बियाण्याची कणगी उघडते, त्याच्यापुढे प्रथम भाताचे उदाहरण ठेवावे असे मला फार वाटते. रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागच्या बाजूस खारेपाट म्हणून जो मुलूख ओळखला जातो तेथे, आणि गोव्यात ज्यांना खाजन म्हणतात त्या जमिनींत, भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, पावसाचे जादा पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीवाटे बाहेर सोडायचे, आणि पहिल्या पावसांनी वरच्या थरातील मीठ धुऊन गेले म्हणजे त्या जमिनीत भात करायचे, ही वहिवाट पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. उन्हाळ्यात खालचे क्षार पुन्हा वर येतात. एखाद्या उधाणाला बांधाला खांड पडली तर उभ्या पिकात खारे पाणी शिरते. अशा जमिनींत कोकणात काळा रता, भुरा रता हे जुने वाण, आणि गोव्यात कोरगूट, तग धरून राहिले. हे वाण मीठ सोसायला कसे शिकले, असा प्रश्न मुले विचारतात, आणि खरा पाठ तेथूनच सुरू होतो. कारण एकही रोप काही शिकलेले नसते.

भाताच्या फुलात परागण बहुधा त्याच फुलातल्या परागाने होते. त्यामुळे शेतकऱ्याने घरचे बी राखून पेरलेला जुना वाण वरून एकसारखा दिसला, तरी आतून तो परस्परांहून किंचित भिन्न अशा अनेक वंशरेषांचा समुदाय असतो. आनुवंशिक द्रव्याची नक्कल होताना क्वचित चूक होते, क्वचित दोन वंशरेषांचा संकर होतो, आणि असे भेद त्या समुदायात साठत जातात. मिठाचे पाणी येणार आहे की नाही, याची त्या भेदांना वार्ताही नसते. मग ज्या वर्षी खांड पडते त्या वर्षी कित्येक रोपे करपतात, काहींच्या लोंब्यांत नुसते पळंज राहते, आणि थोडी रोपे दाणा धरतात. शेतकरी बी राखणार ते त्या थोड्यांचेच. मीठ सोसण्याचे कारणही आता पुष्कळसे कळले आहे. बंगालच्या नोना बोकरा या भातावर काम करून शास्त्रज्ञांनी 2005 साली पहिल्या गुणसूत्रावरील एक जनुक निश्चित केले. त्याच्यामुळे बनणारे प्रथिन मुळांतून वर चढणाऱ्या रसातील सोडियम काढून घेते, आणि पानांपर्यंत ते कमी पोचते. दुसऱ्या भातांतही हे जनुक असते, परंतु थोड्या वेगळ्या रूपात. एकाच जनुकाची ही भिन्न रूपे म्हणजेच विविधता, हे आठवीच्या मुलाला समजण्यास काहीच हरकत नाही.

हे सारे तोंडी सांगून भागणार नाही. शाळा जूनमध्ये उघडते, पेरणीही त्याच सुमारास होते. तेव्हा या पाठाची तजवीज पुस्तकातील अनुक्रम बाजूस ठेवून पहिल्याच पंधरवड्यात करावी. मातीच्या पसरट कुंड्या घ्याव्या. काहींत खाराचा जुना वाण आणि काहींत गोड्या जमिनीचा नेहमीचा वाण, दाणे मोजून पेरावा. प्रत्येक वाणाच्या एका कुंडीला साधे पाणी, आणि दुसरीला लिटरमागे 5 ग्रॅम मीठ घातलेले पाणी द्यावे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, हे मुलांना त्याच वेळी सांगावे. येथे शिक्षकाने धीर धरणे अगत्याचे आहे. भात रुजताना मिठाला फारसे जुमानत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात सगळीकडे हिरवे कोंब पाहून मुलांचा विरस होण्याचा संभव असतो. खरी कसोटी दोन-तीन पाने आल्यावर लागते, आणि तेव्हा पानांची टोके पांढरी पडू लागतात, पाने वळतात. मुलांनी रोज रोपे मोजावी आणि वहीत तारीखवार नोंद करावी. दोन वाणांतला फरक सर्वांनाच दिसतो. परंतु एकाच कुंडीत, एकाच वाणाची रोपे सारख्याच मिठात असताना एक मलूल का आणि शेजारचे टवटवीत का, या प्रश्नाकडे मुलांचे लक्ष वळवणे, हे शिक्षकाचे खरे कसब आहे.

या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारचे असू शकते, आणि तो विवेक शिकवल्यावाचून हा पाठ अपुरा राहतो. ते टवटवीत रोप जात्याच वेगळे असेल, किंवा त्याला कुंडीतली बरी जागा मिळाली असेल. डेन्मार्कमधील विल्हेल्म योहान्सेन यांनी हा भेद घेवड्याच्या जातीच्या बियांवर तपासला आणि आपले निष्कर्ष 1903 साली प्रसिद्ध केले. एकाच झाडापासून स्वपरागणाने चालत आलेल्या शुद्ध वंशात मोठी बी पेरली काय आणि लहान बी पेरली काय, पुढच्या पिढीच्या बियांचे सरासरी वजन तेच येते, असे त्यांना आढळले. त्या वंशातील लहानमोठेपणा हवापाण्याने आणि जागेने आलेला होता. संततीच्या हवाली करण्याजोगे त्यात काही नव्हते. म्हणून कुंडीत वाचलेल्या रोपांचे दाणे, ती लोंबीवर आली तर, वेगळे राखून पुढच्या जूनमध्ये नव्या वर्गाच्या स्वाधीन करावे. एका इयत्तेने पेरलेले दुसऱ्या इयत्तेने तपासावे, याहून विज्ञानाच्या रीतीचा चांगला परिचय मला माहीत नाही.

अनुकूलन म्हणजे सर्व बाजूंनी श्रेष्ठत्व, असाही एक ग्रह मुलांच्या मनात राहून जातो. खाराचे जुने वाण उंच वाढतात आणि लोळतात. सुधारलेल्या वाणांच्या मानाने त्यांचे उत्पन्न गोड्या, सुपीक शेतात कमी भरते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने जुन्या वाणांचा मीठ सोसण्याचा गुण आणि नव्या वाणांचे उत्पन्न यांचा मेळ घालण्याचे प्रयत्न केले, ते याच कारणास्तव. परिस्थिती सांगितल्याशिवाय कोणताही गुण चांगला अथवा वाईट ठरत नाही.

आता परीक्षेविषयी. अनुकूलनाची व्याख्या लिहा, असा प्रश्न घालण्याऐवजी असे विचारावे: एका शेतकऱ्याने संपूर्ण खाचर एकाच रोपाच्या बियांपासून वाढवलेल्या भाताने लावले, शेजाऱ्याने घरच्या जुन्या वाणाच्या मिसळ बियांनी लावले, आणि श्रावणात बांधाला खांड पडून दोन्ही खाचरांत खारे पाणी शिरले, तर कोणत्या खाचरात काय काय होऊ शकेल, आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यात काय फरक पडेल? पहिल्या खाचरातील रोपे बहुधा एकदमच तरतील किंवा एकदमच जातील, दुसऱ्यात काही जातील आणि काही उरतील, आणि उरलेल्यांचे प्रमाण पुढच्या पेरणीत वाढेल, एवढे ज्याने आपल्या शब्दांत लिहिले त्याला, अनुकूलन हा शब्द त्याच्या उत्तरात कोठेही आला नसला तरी, पुरे गुण द्यावे.