इंदूरचे इंडस

सिंक्रोट्रॉन हे प्रकाश निर्माण करणारे यंत्र आहे. संशोधकांना प्रकाश पुरवण्यासाठी उभारलेली अशी दोन यंत्रे भारतात चालतात आणि ती दोन्ही इंदूरला, सुखनिवास भागातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहेत. त्यांची नावे इंडस-1 आणि इंडस-2. केंद्राची पायाभरणी 19 फेब्रुवारी 1984 रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते झाली. तेव्हा त्याचे नाव सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी असे होते. डिसेंबर 2005 मध्ये अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांचे नाव त्याला मिळाले, तरी इंदूरकरांच्या तोंडी अजून ‘कॅट’च आहे आणि तिकडे जाणारा रस्ता कॅट रोडच राहिला आहे. केंद्राचे संस्थापक संचालक दिलीप देविदास भवाळकर सागरचे. पेशवाईपासून मराठी वस्ती असलेल्या त्या बुंदेलखंडी गावातून ते इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन विद्यापीठात गेले, तिथे लेझरवर संशोधन करून परतले आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रुजू झाले. पुढे इंदूरच्या माळरानावर हे केंद्र उभे करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

सिंक्रोट्रॉनचे मूळ तत्त्व असे : विद्युतभारित कणाची दिशा बदलली की तो ऊर्जा बाहेर टाकतो. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत असेल आणि चुंबकाने त्याला वळवले, तर ही ऊर्जा प्रखर प्रकाशाच्या रूपाने, धावेच्या स्पर्शरेषेवर बाहेर पडते. पावसाळ्यात सायकलच्या चाकावरून चिखल उडतो तो जसा कडेने सरळ सुटतो, तसेच हे. असा प्रकाश पहिल्यांदा दिसला 1947 मध्ये, अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत. कणांचा वेग वाढवू पाहणाऱ्यांना तो आरंभी नकोसाच होता, कारण कष्टाने दिलेली ऊर्जा त्या वाटेने निघून जात होती. हा तोटाच कामाचा आहे, हे ध्यानात यायला काही वर्षे गेली.

इंदूरच्या यंत्रात इलेक्ट्रॉनचा प्रवास मायक्रोट्रॉनमधून सुरू होतो. तिथे त्यांना 20 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. मग ते बूस्टर नावाच्या मधल्या वर्तुळात जातात. तिथून 450 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला काढले तर इंडस-1 मध्ये आणि 550 ला काढले तर इंडस-2 मध्ये शिरतात. इंडस-1 चा परीघ जेमतेम 19 मीटर. ते 1999 मध्ये सुरू झाले. इंडस-2 चा परीघ 172.5 मीटर असून त्यात इलेक्ट्रॉनची ऊर्जा पुढे 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत चढवली जाते. त्या वर्तुळात इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे 17 लाख फेऱ्या मारतो, आणि एकदा भरलेला झोत काही तास फिरत ठेवायचा असतो. हवेच्या एखाद्या रेणूला धडकला की इलेक्ट्रॉन वाटेवरून गेलाच. म्हणून नळीतली हवा इतकी उपसतात की आत उरणारा दाब वातावरणाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास येतो. नळीच्या आतल्या पृष्ठभागावरून सुटणारा वायू ही निर्वाताची मोठी डोकेदुखी. त्यासाठी नळ्या आधी रसायनांनी धुतात आणि मग तापवून कोरड्या करतात.

दोन यंत्रांतला खरा फरक ऊर्जेच्या गणितात आहे. वळणावर बाहेर पडणारी ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या चौथ्या घाताने वाढते. त्याच वळणावर ऊर्जा दुप्पट केली की गळती सोळापट होते. इंडस-1 मध्ये एक इलेक्ट्रॉन प्रत्येक फेरीत साडेतीन हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ऊर्जा गमावतो. इंडस-2 मध्ये हाच आकडा सहा लाखांवर जातो. त्यामुळे इंडस-1 मधून अवरक्तापासून मृदू क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश मिळतो, तर इंडस-2 मधून कठीण क्ष-किरणही मिळतात. त्यांची तरंगलांबी स्फटिकातल्या दोन अणूंमधल्या अंतराएवढी असते, म्हणून त्या किरणांनी अणूंची मांडणी वाचता येते. औषधाचा रेणू एखाद्या प्रथिनाला कुठे चिकटतो, उत्प्रेरकातला धातूचा अणू कोणत्या शेजाऱ्यांना धरून बसला आहे, हे कळायला दुसरे उपाय आहेत, पण इतके स्वच्छ उत्तर फार थोडे देतात.

गमावलेली ऊर्जा प्रत्येक फेरीत भरून द्यावी लागते, नाहीतर झोत क्षणात विरतो. हे काम रेडिओलहरींचे. 505.8 मेगाहर्ट्झच्या लहरी धातूच्या पोकळ्यांमध्ये सोडतात आणि इलेक्ट्रॉनचा पुंजका बरोबर वेळेवर तिथून जाताना त्याला पुढे ढकलले जाते. झोत भरलेला असला की शंभर किलोवॉटहून जास्त शक्ती यासाठी लागते. आरंभी ही शक्ती क्लायस्ट्रॉन नावाच्या मोठ्या निर्वात नळ्यांमधून येई. अशी नळी म्हणजे परदेशी मोजक्या कारखान्यांची मिरास, आणि एक नळी गेली की सगळे यंत्र ठप्प. इंदूरच्या अभियंत्यांनी तिच्या जागी ट्रान्झिस्टरचे प्रवर्धक बसवले. काही शे वॉटचा एकेक मॉड्यूल, अशा अनेक मॉड्यूलांची शक्ती एकत्र करून एकाच वाटेने बाहेर काढायची. एखादा मॉड्यूल निकामी झाला तर शक्ती थोडी घटते, झोत चालूच राहतो, आणि दुरुस्ती सवडीने करता येते. कल्पना साधी वाटते. अवघड आहे ते इतक्या लहरी कला न चुकता एकमेकींत मिळवणे. थोडीही तफावत राहिली तर शक्ती उष्णतेत वाया जाते. इंडसच्या बांधणीत जगाला नवी वाटेल अशी कल्पना शोधू गेले तर फारशी सापडत नाही. तिथली खरी कमाई आहे ती असे भाग स्वतः घडवण्याची आणि बिघडल्यावर स्वतः उघडून बसण्याची.

क्ष-किरणांची प्रकाशिकी नेहमीच्या प्रकाशाहून वेगळी. साध्या आरशावर क्ष-किरण समोरून पडला तर परतत नाही, आत शिरतो. म्हणून आरसा जवळजवळ आडवा धरतात. किरण अर्ध्या अंशाहूनही कमी कोनात त्याला घासून जातो, तेव्हाच परावर्तित होतो. आरशाचा पृष्ठभाग नॅनोमीटरच्या अंशापर्यंत गुळगुळीत लागतो. दुसरा उपाय टंगस्टन आणि बोरॉन कार्बाइड यांच्यासारख्या दोन पदार्थांचे शेकडो पातळ थर आलटून पालटून चढवण्याचा. असे बहुस्तरीय आरसे इंदूरच्या प्रयोगशाळेत तयार होतात.

याच कौशल्याचा माल बाहेरही गेला. जिनेव्हाजवळच्या सर्नमध्ये 27 किलोमीटर परिघाचा महात्वरक उभारला जात होता, तेव्हा त्याच्या चुंबकांना आधार देणाऱ्या सात हजारांवर जॅकची रचना इंदूरच्या केंद्राने केली. तीसेक टन वजनाचा, पंधरा मीटर लांबीचा चुंबक या जॅकवर केसाच्या जाडीहून कमी अंतराने सरकवून जागी बसवता येतो. शिवाय अतिसंवाहक दुरुस्ती-चुंबकही भारतातून गेले.

केंद्राचा दुसरा हात लेझरचा. त्यातल्या कार्बन डायऑक्साइड लेझरचा शोध लावणारे चंद्रकुमार नारणभाई पटेल बारामतीत 1938 मध्ये जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. शोध मात्र 1964 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत लागला. नळीत कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन आणि हेलियम असतात. विजेच्या विसर्गाने नायट्रोजनचे रेणू उत्तेजित होतात, ते आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतात आणि 10.6 मायक्रोमीटरचा अवरक्त किरण बाहेर पडतो. ही तरंगलांबी पाणी झटकन शोषते, आणि शरीराच्या ऊतींमध्ये पाणीच जास्त. म्हणून हा किरण ऊती कापतो आणि लहान रक्तवाहिन्या जागीच बंदही करतो. इंदूरला तयार झालेले शस्त्रक्रियेचे लेझर देशातल्या रुग्णालयांत पोचले. त्यांची एक अडचण होती : हा किरण काचेच्या तंतूतून जात नाही, त्याला सांध्यासांध्यांवर आरसे बसवलेल्या नळीतून फिरवून न्यावे लागते.

निओडिमियम-याग लेझरची तरंगलांबी 1.06 मायक्रोमीटर. ती काचेच्या तंतूतून सहज जाते, आणि अणुभट्टीत नेमके तेच हवे असते. 220 मेगावॉटच्या जडपाणी भट्टीत 306 शीतक नलिका असतात. त्या बदलायच्या झाल्या तर टोकाच्या बेलोचे, म्हणजे लवचीक जोडनळीचे, वेल्ड कापावे लागतात, तेही किरणोत्सारी जागेत. लेझर दूर ठेवून तंतूने किरण आत नेला की कामगाराला भट्टीच्या तोंडाशी कमी वेळ थांबावे लागते आणि त्याला मिळणारी किरणोत्साराची मात्रा घटते. नरोराच्या भट्टीत हे काम इंदूरच्या लेझरने केले.

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर फळ-भाजी मंडीच्या आवारातही केंद्राने इलेक्ट्रॉन झोताचे एक यंत्र बसवले आहे. त्यातल्या 10 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या झोताने वैद्यकीय साहित्य बंद खोक्यातच निर्जंतुक करता येते.

इंडसचा प्रकाश केवळ केंद्रातल्या शास्त्रज्ञांसाठी नाही. देशातल्या कोणत्याही विद्यापीठातला संशोधक प्रयोगाचा प्रस्ताव पाठवून बीमलाइनवर, म्हणजे यंत्रातला प्रकाश प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटेवर, वेळ मागू शकतो, आणि खंडवा रस्त्यावरच्या यूजीसी-डीएई संशोधन संस्थेच्या स्वतःच्या बीमलाइन तिथे आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास केंद्राची दारे विद्यार्थ्यांसाठी उघडतात. माळव्यातल्या आणि खानदेशातल्या शाळांच्या विज्ञान शिक्षकांनी त्यासाठी आधीच नोंदणी करावी आणि दहावीपुढची मुले जरूर घेऊन जावीत.