दुसरा कॅमेरा कुठे ठेवायचा?

(मंडळाच्या सभेतील भाषण)



आपले पेटीवाले काका गेले. त्यांच्या स्मरणार्थ भोपाळात मदतनिधीची मैफल करायची, हे ठरलेच आहे. वाद आहे तो चित्रीकरणाचा. ‘तो खर्च वाचवा, पैसा निधीत टाका,’ असे काहींचे म्हणणे. आम्हाला ते पटत नाही.

२९ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जॉर्ज हॅरिसन यांची स्मृतिमैफल झाली. त्यांना जाऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. पंडित रविशंकरांनी, म्हणजे आपल्या मैहरच्या बाबा अलाउद्दीन खाँसाहेबांच्या शिष्याने, या शिष्यासाठी ‘अर्पण’ ही रचना केली. संचालन अनुष्काचे. हॅरिसन यांचा मुलगा इतरांबरोबर गिटार वाजवत उभा. त्याचे नाव धनी. आपल्या ध आणि नी या स्वरांवरून ठेवलेले! मैफलीचा चित्रपट निघाला आणि त्याचेही उत्पन्न हॅरिसन यांनीच १९७३ मध्ये स्थापलेल्या धर्मादाय संस्थेला गेले. म्हणजे चित्रीकरणाने निधी खाल्ला नाही, वाढवला. आपला चित्रपट कोणी विकत घेणार नाही, हे मान्य. पण पुढल्या वर्षी देणगीदारापुढे ठेवायला काहीतरी हवे ना?

आता पुण्याकडे या. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. भीमसेनजींनी १९५३ पासून गुरूंच्या नावाने उत्सव मांडला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही गुरुभावंडेही तिथे गात. ज्या गुरूसाठी हे सारे, त्यांचे गाणे मात्र आपल्यापर्यंत मुख्यतः तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून आले. किराण्याची सावकाश बढत तेवढ्यात काय मावणार?

आम्ही डिप्लोमा करून सरकारी खात्यात चिकटलेली माणसे. मोजमाप पुस्तिकेत नोंद नसेल, तर बांधलेला पूलसुद्धा कागदावर उभा नसतो!

तेव्हा कॅमेरे दोन घ्या, आवाज थेट मिक्सरवरून घ्या. पहिला कॅमेरा गाणाऱ्यावर असेलच. दुसरा पेटी-तबल्यावर लावा आणि शेवटपर्यंत तिथून हलवू नका. काकांनी इतक्या गणेशोत्सवांत साथ केली. मंडळाकडच्या फोटोंत गायक मधोमध आहेत, कडेला काकांचा खांदा तेवढा दिसतो.