परक्या भूमीवरचे घर



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या वर्गात मी बसलो आहे. तेव्हा आजचा मान हा माझा नसून त्या बाकाचा आहे, असे मी समजतो. विषय मात्र आपणांस थोडा अनपेक्षित वाटेल. परदेशातील लष्करी तळावर रुजू होणारा धर्मगुरू तेथे रुळतो कसा, याविषयी मी बोलणार आहे. या विषयाकडे मी कसा वळलो, ते आधी सांगतो.

१९६५ साली मी दहावीत होतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून आपल्या बेळगावात आहे. त्यामुळे कॅम्पातील मुले आमच्या वर्गात असत. त्या सप्टेंबरात त्यांतील एकाच्या घरी तार आली. काही दिवसांनी तो शाळेत आला, तेव्हा त्याच्याशी काय बोलावे हे आम्हांला कळेना. म्हणून आम्ही त्याला टाळले. सर वर्गात आले, हजेरी घेतली, पुस्तक उचलले आणि खुर्ची सोडून त्याच्या बाकावर जाऊन बसले. तो सगळा तास त्यांनी तेथूनच शिकविला. सांत्वनाचा एक शब्दही उच्चारला नाही. त्यांनी नेमके काय केले, याचा उलगडा मला पुढे फिलिप क्लेटन या धर्मगुरूचे चरित्र वाचताना झाला.

क्लेटन यांचा जन्म १८८५ साली ऑस्ट्रेलियात झाला आणि शिक्षण इंग्लंडमध्ये. शरीराने स्थूल म्हणून सगळे त्यांना ‘टबी’ म्हणत. १९१५ साली ते ब्रिटिश सैन्याबरोबर युरोपात गेले. लष्करी धर्मगुरूची अवस्था मोठी चमत्कारिक असते. अंगावर गणवेश, हुद्दा कॅप्टनच्या बरोबरीचा; पण हाती शस्त्र नाही आणि आज्ञा देण्याचा अधिकारही नाही. शिपायाला तो अधिकारी वाटतो आणि अधिकाऱ्यांना तो आपल्यापैकी वाटत नाही. अशा माणसाने आपली जागा शोधायची कोठे?

बेल्जियममधील ईप्र शहराजवळ खंदकांची आघाडी होती. तिच्यामागे दहा-बारा किलोमीटरांवर पोपरिंगे हे लहानसे गाव. आघाडीवर जाणारे आणि तेथून परतणारे सैनिक या गावातून जात. वरिष्ठ धर्मगुरू नेव्हिल टॉलबट आणि क्लेटन यांनी तेथे एका व्यापाऱ्याचे रिकामे घर भाड्याने घेतले आणि ११ डिसेंबर १९१५ रोजी ते सैनिकांसाठी खुले केले. नेव्हिल यांचा धाकटा भाऊ गिल्बर्ट त्याच वर्षीच्या ३० जुलैला ईप्रजवळ धारातीर्थी पडला होता. त्याच्या स्मरणार्थ या वास्तूला ‘टॉलबट हाउस’ हे नाव मिळाले.

या घरात प्रवचनाची सक्ती नव्हती. चहा होता, पियानो होता, मागे बाग होती. ग्रंथालयातून पुस्तक न्यावयाचे, तर अनामत म्हणून आपली टोपी ठेवायची. टोपीवाचून शिपायाला बाहेर फिरता येत नसे, म्हणून पुस्तके परत येत! क्लेटन यांच्या खोलीच्या दारावर, आत येणाऱ्याने आपला हुद्दा बाहेर ठेवावा अशा अर्थाची विनोदी पाटी होती. एका फलकावर सैनिक आपल्या हरवलेल्या मित्रांसाठी चिठ्ठ्या लावीत. प्रार्थनेची जागा होती ती सर्वांत वर, माळ्यावर. तेथली वेदी म्हणजे सुताराचे एक जुने मेज. ज्याला वाटेल त्याने जिना चढावा.

श्रोतेहो, रुळणे म्हणजे काय, याचे उत्तर मला येथे सापडले. क्लेटन यांनी आपल्यासाठी जागा शोधली नाही. इतरांसाठी केली, आणि तीच त्यांची झाली.

परंतु या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच पोपरिंगेच्या नगरभवनात कोठड्या होत्या. खंदक सोडून पळालेल्या ब्रिटिश सैनिकांना तेथे ठेवीत आणि पहाटे गोळ्या घालीत. अशा सैनिकाच्या अखेरच्या रात्री त्याच्याजवळ बसणे हेही धर्मगुरूचेच काम असे. तेव्हा धर्मगुरू कोणाचा? त्या मुलाचा, की त्याला मारणाऱ्या व्यवस्थेचा? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. एवढेच म्हणतो, की ती व्यवस्था बदलणे त्याच्या हाती नव्हते. ती रात्र त्या मुलाने एकट्याने काढू नये, एवढेच होते.

आपल्या मराठा पलटणींच्या इतिहासातही या प्रश्नाचा एक दाखला आहे. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कुत येथे तुर्कांनी सैन्याला वेढा घातला. त्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले, तेव्हा घोड्याचे मांस वाटण्यात येऊ लागले. हिंदी सैनिकांपैकी पुष्कळांनी ते नाकारले. सेनापती टाउनशेंड यांनी भारतातील धर्माधिकाऱ्यांची अनुमती बिनतारी संदेशाने मिळविली. तरीही कित्येकजण आठवडेच्या आठवडे तयार झाले नाहीत. गावी परतल्यावर आपल्याला वाळीत टाकतील, आपल्या घरात कोणी मुलगी देणार नाही, ही भीती उपासमारीहूनही मोठी ठरली. शास्त्राची अनुमती हवेतून आली. पण भीती ही शास्त्रात नसते, माणसाच्या पोटात असते. तिच्याजवळ जाऊन बसावे लागते.

आज भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मशिक्षक असतात. अनेक छावण्यांत एकाच छपराखाली सर्व धर्मांची उपासना होते. या धर्मशिक्षकांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. पराक्रमाची पदके आपण मोजतो, आणि ती मोजावीतच. पण पदक मिळविणाऱ्याच्या शेजारी आदल्या रात्री कोण बसले होते, हे इतिहास सहसा विचारीत नाही.

क्लेटन १९७२ साली वारले. टॉलबट हाउस आजही उभे आहे आणि तेथे वाटसरूला चहा मिळतो. आपले सर कोणत्याही तळावर गेले नाहीत, त्यांच्या अंगावर गणवेशही नव्हता. परंतु खुर्चीपासून बाकापर्यंतचे ते चार पावलांचे अंतर त्यांनी तोडले, ते आम्हां चाळीस मुलांना तोडता आले नव्हते. त्या वर्गमित्राशी मी त्या वर्षभरात एकदाही नीट बोललो नाही, याची खंत मला आज, साठ वर्षांनंतरही आहे.

येथे माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण दूरदेशी राहतात, आणि काहींची मुले सैन्यात आहेत. या शाळेने आपल्याला काय दिले, असे कोणी विचारले, तर मी त्या बाकाकडे बोट दाखवीन. दुःखितापाशी शब्द घेऊन जाण्याची घाई करू नये. आधी जाऊन बसावे. सरांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.