सहीपूर्वीचा सल्ला



वकिलाकडे जाणे म्हणजे भांडणाला तोंड फोडणे, असा आपल्याकडे समज आहे. त्यामुळे लोक वकिलाकडे जातात ते बहुधा सही करून बसल्यानंतर.

वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर वारसांची नावे लावणे हे नित्याचे काम आहे. वाद नसेल तर त्यासाठी वकिलाची गरज नाही; मृत्यूच्या दाखल्यासह सर्व वारसांची नावे देऊन अर्ज करता येतो. परंतु त्याच सुमारास बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, तेव्हा मात्र थांबले पाहिजे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. हक्कसोडपत्राची नोंदणी झाली की तो जातो. पुढे ते रद्द करून घ्यावयाचे तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. माहेरच्या मायेपोटी ती आपखुशीने हक्क सोडीत असेल, तर तो तिचा अधिकार आहे. मात्र आपण काय सोडीत आहोत, हे तिला आधी उमगले पाहिजे.

येथे खर्चाची सबब टिकत नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

अशा कागदावर साक्षीदार म्हणून पुष्कळदा शिक्षकांना वा पंचायत सदस्यांनाच बोलावतात. त्यांनी सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : "ताई, हा कागद वकिलाला दाखविलात का?"