मेलबर्नचे चौथे स्थान



मेलबर्न हे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे माहेरघर. अंडाकृती चेंडूचा तो खेळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून सादर झाला. गोल चेंडूच्या फुटबॉलमध्ये मात्र यजमानांना एका गोमंतकीय तरुणाने नमविले. मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेले नेव्हिल डिसोझा ते. १ डिसेंबर रोजी भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल यांचे. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई फुटबॉलपटू. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. पण भारत १-४ असा पराभूत झाला. पुढे बल्गेरियाने कांस्यपदकही हिरावून घेतले. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होते. तरी पदकांच्या यादीत चौथ्या क्रमांकाला जागा कुठली? १९८० मध्ये, पन्नाशीही न गाठता, ते निवर्तले.

पुरानी बस्तीतील या शाळेच्या बक्षीस समारंभात तिसऱ्या क्रमांकापर्यंतच नावे पुकारली जातात. हीरकमहोत्सवी वर्षापासून चौथेही पुकारावे, अशी सूचना शिक्षकवृंदापुढे आहे.